शिफ्ट सुटायला वेळ लागतोय? ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या खर्चाचा हिशेब

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत ‘शिफ्ट’ म्हटलं की पहिला अर्थ फर्स्ट, सेकंड, नाइट हाच. पण गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी गाडीच्या शिफ्टचं गाऱ्हाणं मांडलं. “पाय दिला की गाडी ऐकते, मग चहा पिऊन येते आणि मग गिअर टाकते.” गाडी सहा वर्षांची, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, ७८ हजार किलोमीटर झालेली. एका गॅरेजने व्हॉल्व्ह बॉडी आणि रिमॅप मिळून ६५ हजारांचं एस्टिमेट त्यांच्या हातावर ठेवलं होतं, तेही गाडीला स्कॅनर न लावता. शेवटी काम झालं ते ऑइल आणि ॲडॅप्टेशन धरून साडेबारा हजारांत.

गिअर झटपट आणि घट्ट पडावा असं वाटणं यात गैर काही नाही. चूक होते ती कामाच्या क्रमात. महागाचं काम आधी सुचवलं जातं, कारण त्यात मजुरी जास्त. म्हणून हा हिशेब स्वस्ताकडून महागाकडे जाणारा आहे. आकडे नाशिकमधल्या बाहेरच्या गॅरेजसाठी साधारण अंदाजाचे; कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात याच कामांना सहसा जास्त पडतात.

आधी गाडी कोणत्या जातीची आहे ते बघा. ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रं खपतात. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला माणसाऐवजी ॲक्चुएटर बसवलेला. मारुतीच्या सेलेरिओतून २०१४ साली ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. सीव्हीटीत दात असलेले वेगळे गिअर नसतातच, पट्टा आणि पुली असतात, त्यामुळे तिथे ‘शिफ्ट घट्ट करा’ म्हणणं म्हणजे जिन्याऐवजी उतार असलेल्या घरात पायऱ्या मागणं. डीसीटीत दोन क्लच असतात आणि ती मुळातच चपळ असते. ती झटके देत असेल तर तिला अपग्रेड नको, दुरुस्ती हवी. उरला टॉर्क कन्व्हर्टर, इंजिनची ताकद ऑइलच्या माध्यमातून गिअरबॉक्सला पोचवणारा. शिफ्ट घट्ट करण्याची सगळी चर्चा खऱ्या अर्थाने लागू पडते ती याच गिअरबॉक्सला.

आणि तो सातपूरला परका नाही. २०२० च्या ऑक्टोबरात आलेली थार इथल्याच महिंद्रच्या कारखान्यात तयार होते आणि तिच्या ऑटोमॅटिकमध्ये आयसिन कंपनीचा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स आहे. त्या पेट्रोल थारची एक गंमत अशी की मॅन्युअलमध्ये इंजिन ३०० न्यूटन मीटर टॉर्क देतं आणि ऑटोमॅटिकमध्ये ३२०. म्हणजे ताकदीत ऑटोमॅटिक कमी नाही. तरीही ती मऊ वाटते, कारण कंपनीने ती ठरवून मऊ ठेवली आहे.

तो मऊपणा येतो कुठून? गिअरबॉक्सच्या आत क्लचच्या चकत्यांचे जुडगे असतात आणि ते ऑइलच्या दाबाने आवळले जातात. एक जुडगा सुटताना दुसरा हळूहळू पकडतो. त्या क्षणभरात चकत्या थोड्या घसरतात आणि प्रवाशाला धक्का जाणवत नाही. दाब वाढवला किंवा पकडायचा वेळ कमी केला की गिअर ‘टक’ करून पडतो. घसरण कमी झाल्याने चकत्यांची झीजही कमी होते. पण जो धक्का आत ऑइलने गिळला असता, तो आता प्रॉपेलर शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट, डिफरन्शिअल आणि गिअरबॉक्सच्या माउंटिंगला खावा लागतो. घट्टपणा फुकट मिळत नाही, तो दुसरीकडून वसूल होतो.

पहिले हजार रुपये

पहिला खर्च स्कॅनिंगचा, ५०० ते १,५०० रुपये. नुसते फॉल्ट कोड वाचून दाखवणारा नको. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरचा चालू डेटा दाखवणारा हवा: ऑइलचं तापमान, टर्बाइनचा वेग, कोणत्या सोलेनॉइडला किती करंट. “आमच्या कानाला कळतं” म्हणणाऱ्या मिस्त्रीचा मान ठेवावा आणि गाडी पुढे घ्यावी.

मेकॅनिकला लक्षणंही नेमकी सांगा. पी मधून डी टाकल्यावर दोन सेकंदांनी गाडी उचलते का? गिअर बदलताना आरपीएम उगाच वर उडतो का? पन्नास-साठच्या वेगाला रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर होते का? पहिल्यात दाबाचा संशय, दुसऱ्यात क्लच घसरत असल्याचा, तिसऱ्यात टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपचा. याच वेळी इंजिन माउंटिंग आणि बॅटरी तपासून घ्या. फाटलेल्या माउंटिंगमुळे बसणारा धक्का गिअरबॉक्सच्या नावावर हमखास जमा होतो, आणि बॅटरी मरायला टेकली की कंट्रोलरही वेड्यासारखा वागतो.

खरं काम ऑइलमध्ये

या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल, तर ते हे राहू द्या. ऑटोमॅटिकमधलं ऑइल नुसतं वंगण नाही. तेच दाब देतं, तेच थंड करतं, आणि चकत्या किती घसराव्यात हेही त्यातल्या रसायनांवर ठरतं. जुनं ऑइल म्हणजे आळशी गिअर. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत ते बदलायची गरज नाही असं सुचवलेलं असतं. पण झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. कसाऱ्याच्या घाटात आणि त्र्यंबक रोडच्या सिग्नलांवर वाढलेल्या गाडीला यातली खालची मर्यादा लावलेली बरी.

ऑइल बदलायच्या दोन पद्धती आहेत. नट सोडून निथळवलं तर सहा गिअरच्या गिअरबॉक्समधून साधारण निम्मंच बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. या ‘ड्रेन अँड फिल’चा खर्च ५ ते ८ हजार. हजारभर किलोमीटरनंतर पुन्हा तेच केलं की बऱ्यापैकी नवं ऑइल होतं. मशीन लावून पूर्ण बदलायचं तर ऑइलच दुप्पट लागतं आणि बिल १४ ते २२ हजारांवर जातं. चेंबर खोलून गॅस्केट आणि फिल्टर बदलायचं तर आणखी दोन ते पाच हजार. ऑइलचा भाव लिटरला ८०० ते १,५०० रुपये, ग्रेड मात्र पुस्तिकेत लिहिलेलाच. “सगळ्यांना चालतं” असं डब्यावर छापलेलं ऑइल आणि “सगळ्यांना चालतो” असं म्हणवणारा जावई, दोघांची चौकशी करावी.

आता बारीक मुद्दा, जिथे चांगली गॅरेजंसुद्धा चुकतात. आजच्या अनेक गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. पातळी बघायची म्हणजे गाडी चारही चाकांवर सपाट उचललेली हवी, इंजिन चालू हवं, ऑइल कंपनीने दिलेल्या तापमानाला आलेलं हवं, आणि मग ओव्हरफ्लोचा नट सोडून धार थेंबांवर येईपर्यंत थांबायचं. पुढच्या बाजूला जॅक लावून, थंड गाडीत, अंदाजाने भरलेलं ऑइल कमी पडतं किंवा जास्त होतं, आणि दोन्हींत गिअर बिघडतात. काम सुरू करण्यापूर्वी सरळ विचारा, “तापमान कशावर बघणार?” उत्तर ‘स्कॅनरवर’ असेल तर बसा. ‘हात लावून’ असेल तर उठा.

निघालेलं ऑइल बघितल्याशिवाय घरी जाऊ नका. चुंबकावर काळी मऊ पेस्ट असणं साहजिक आहे. धातूचे चमकते तुकडे किंवा जळका वास असेल तर मामला चकत्यांपर्यंत पोचलाय. ऑइल रोझ मिल्कसारखं गुलाबी दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, एकतर रेडिएटरमधला कूलर फुटून, नाहीतर पावसाळ्यात खोल पाण्यातून गाडी काढून. थारची पाण्यात उतरायची मर्यादा ६५० मिलीमीटर आहे. ती व्हिडिओतल्या धाडसाला लागू होते असं समजू नये.

दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या, कधीच ऑइल न बदललेल्या आणि आधीच घसरणाऱ्या गाडीत नवं ऑइल घालून चमत्काराची वाट पाहू नका. तिथे चकत्याच संपलेल्या असतात. नंतर “ऑइल बदललं म्हणून गिअरबॉक्स गेला” असं म्हटलं जातं. प्रत्यक्षात तो आधीच गेलेला असतो.

ऑइलनंतर ॲडॅप्टेशन. कंट्रोलर झिजलेल्या चकत्या आणि जुनं ऑइल यांच्याशी जुळवून घ्यायला शिकलेला असतो. ते शिकलेलं पुसून त्याला नव्याने शिकवायचं, १,००० ते ३,००० रुपयांत. त्यानंतर सातपूरहून त्र्यंबकेश्वरला जाऊन या. जाताना हलक्या पायाने, येताना थोडा जोर देऊन, म्हणजे सगळे गिअर सगळ्या प्रकारे पडतात. घट्टपणाची हौस असलेल्यांपैकी पुष्कळांचं समाधान इथेच होतं.

व्हॉल्व्ह बॉडी, आणि आपला मायक्रॉनचा गर्व

इथून पुढे पैसा जोरात सुटतो. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे ॲल्युमिनियमचा चक्रव्यूह, त्यातल्या गोल भोकांत, म्हणजे बोअरमध्ये, स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे छोटे व्हॉल्व्ह सरकतात आणि सोलेनॉइड त्यांना ऑइलच्या दाबाने हलवतात. एक सोलेनॉइड ४ ते १२ हजार. जुनी व्हॉल्व्ह बॉडी खोलून, साफ करून, झिजलेले भाग बदलून परत बसवायची तर २५ ते ६० हजार. नवी घ्यायची तर ८० हजारांपासून दीड लाखापर्यंत, कधी त्याहून जास्त.

सातपुरात एक मोह हमखास होतो. “अहो, आमच्या एमआयडीसीत काय होत नाही? बोअर घासून देईल कोणीतरी.” घासून देईल, हे खरंच. डिझेल इंजेक्टरचे नोझल दोन-चार मायक्रॉनच्या फटीत बसवणारा बॉशचा कारखाना याच पट्ट्यात आहे. मायक्रॉन काय चीज आहे हे सातपूरकरांना शिकवायला नको. व्हॉल्व्ह बॉडीतली फट त्यापेक्षा बरीच सैल असते. अडचण अचूकतेची नाही. अडचण ही की झिजलेल्या बोअरला रीमर नेमका मूळ अक्षावर धरणारं जिग लागतं, आणि मोठ्या मापाचा जुळणारा व्हॉल्व्ह लागतो. ते दोन्ही नसताना घासलेला बोअर गोल असतो, गुळगुळीत असतो आणि निकामी असतो. व्हॉल्व्ह बॉडीला नुसता लेथ पुरत नाही.

अमेरिकेत यासाठी तयार शिफ्ट किट मिळतात. ट्रान्सगो, सोनॅक्स ही त्यातली जुनी नावं. स्प्रिंग, व्हॉल्व्ह आणि छिद्रं बदललेली प्लेट बसवून दाब आणि वेळ बदलायची. पण ती मुख्यतः तिकडच्या बाजारातल्या गिअरबॉक्ससाठी बनतात. आपल्या गिअरबॉक्सचा नेमका नंबर किटच्या यादीत नसेल, तर “थोडं जुळवून घेऊ” या वाक्यावर चर्चा थांबवा. नंबर जुळलाच, तर किटच्या किमतीत आयातशुल्क आणि दहा-पंधरा हजार मजुरी धरा.

त्यापेक्षा घाटात फिरणाऱ्यांनी वेगळा ऑइल कूलर बसवावा, ८ ते २० हजारांत. शिफ्ट त्याने घट्ट होणार नाही, पण गरम होऊन सैलही पडणार नाही. माझं मत विचाराल तर या सगळ्या यादीत सर्वांत कमी दिखाऊ आणि सर्वांत शहाणा खर्च हाच.

लॅपटॉपवाला रिमॅप

गिअरबॉक्सच्या कंट्रोलरचा प्रोग्राम बदलून दाब, वेळ आणि कुठल्या आरपीएमला गिअर पडावा हे बदलता येतं. खर्च २० ते ४० हजार. नुसत्या कंट्रोलरचा सौम्य बदल, निरोगी गिअरबॉक्समध्ये, ही घट्ट शिफ्ट मिळवायची खरोखरची पद्धत आहे. मात्र मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण उद्या काम पटलं नाही तर परतीची वाट तीच. वॉरंटी चालू असेल तर हा विषय काढूच नका. बदललेला प्रोग्राम कंपनीला तपासणीत दिसू शकतो, आणि मग लाखाच्या दुरुस्तीचं बिल तुमचं.

बहुतेक वेळा सोबत इंजिनची ताकद वाढवायचाही आग्रह होतो. तिथे कायदा आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीच्या मूळ तपशिलांपासून नोंद वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय विमा कंपनीला न सांगितलेला बदल अपघातानंतरच आठवतो.

एएमटीवाल्यांसाठी थोडक्यात: तुमचा झटका हा बहुधा क्लचचा आहे. क्लचचं रीलर्निंग ५०० ते १,५०० रुपयांत होतं, क्लच सेट मजुरीसह ९ ते १५ हजारांत, ॲक्चुएटर गेला तर मात्र ३५ ते ५० हजार. आणि गिअर पडायच्या वेळी पाय किंचित सैल सोडायला शिकणं, शून्य रुपये.

बिलावर काय हवं

जॉब कार्डवर किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि लिटर, बदललेल्या भागांचे नंबर, कामाची वॉरंटी किती महिने, हे सगळं हवं. जुने भाग परत मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, मजुरीवरही १८ टक्केच. बिलात अजून २८ टक्के लावलेला दिसला तर बोट ठेवा. “बिल नको, कमी करून देतो” हा सौदा घेतला तर पुढे तक्रारीला हातात कागद राहत नाही.

तक्रार करायचीच झाली तर आधी गॅरेजला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निभावलं नाही तर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. कामासाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत हवी.

आणि काम झाल्यावर दोनशे किलोमीटरनी गाडी पुन्हा उचलून गळती बघून घ्या. काकांच्या गाडीत ड्रेन नटच्या वॉशरमधून थेंब गळत होता. वॉशर वीस रुपयांचा.