इंग्लंडचे खेडे आणि त्याचे गावपण

भाची : मामा, इंग्लंडचे खेडे म्हटले की हिरवे मैदान, त्याच्या कडेला दगडी चर्च, पलीकडे गवताने शाकारलेली घरे आणि उन्हाळ्यात रंगलेला क्रिकेटचा सामना, एवढेच माझ्या डोळ्यांपुढे येते. यांच्या नोकरीमुळे डर्बीशायरमधल्या एका खेड्यात बिऱ्हाड करायचे ठरले आहे, म्हणून विचारते : या चित्रात खरे किती?

मामा : चित्र खोटे नाही, अपुरे आहे. त्यात इमारती दिसतात. ज्या कारभारामुळे त्या इमारतींना अर्थ आला तो कारभार दिसत नाही. कोणत्याही गावाचे गावपण त्याच्या शोभेवरून न ठरवता, शेजाऱ्याला विचारल्यावाचून तेथील माणसाला कोणते काम करता येत नव्हते यावरून ठरवावे, असे माझे मत आहे. मध्ययुगात, विशेषतः मध्य इंग्लंडात, असे काम म्हणजे प्रत्यक्ष शेतीच होती. गावाभोवती दोन किंवा तीन अफाट शेते असत, त्यांच्या आत कुंपण नसे, आणि प्रत्येक शेतात प्रत्येक कुळाचे अरुंद लांबट पट्टे विखुरलेले असत, त्यामुळे बरी-वाईट जमीन साऱ्यांच्याच वाट्याला येई. एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक आणि तिसरे पड, असा पाळीपाळीचा शिरस्ता असल्यामुळे पेरा केव्हा घालायचा, कापणी केव्हा उरकायची आणि पीक निघाल्यावर गावची गुरे रानात केव्हा सोडायची, हे सारे गावाला एकत्र बसूनच ठरवावे लागे.

भाची : हे सगळे आता पुस्तकातच उरले असेल.

मामा : पुस्तकावर इतका विश्वास ठेवू नये. नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या गावी ही पद्धत आजही चालू आहे. १६३५ साली त्या गावची मोजणी होऊन मार्क पिअर्स याने पट्ट्यापट्ट्यांचा जो नकाशा काढला, तो ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस गावातील शेतकऱ्यांचे पंचमंडळ नव्याने गहू पेरलेल्या शेताची पाहणी करण्यास निघते. कोणाचा नांगर रस्त्याच्या कडेवर किंवा मुद्दाम राखून ठेवलेल्या सामायिक गवताच्या पट्टीवर चढला आहे काय, हे चिखल तुडवीत पाहिले जाते आणि खरी हद्द जेथे असेल तेथे लाकडी खुंटा ठोकला जातो. आठवड्याने गावच्या ‘डव्हकोट इन’ या खाणावळीत मॅनरचे, म्हणजे जुन्या जमीनदारीचे, न्यायालय भरते आणि अतिक्रमण करणाऱ्यास अल्पसा दंड होतो. १९५२ साली हे गाव सरकारच्या कृषिखात्याने विकत घेतले, १९८१ मध्ये ते राजसंपदेच्या व्यवस्थेत गेले आणि २०२० मध्ये जुन्या जमीनदार घराण्याच्या थोर्सबी इस्टेटीकडे परत आले. धनी इतके बदलले, पण खुंटा ठोकण्याचा शिरस्ता मोडला नाही.

भाची : पंचांत बसायला आधी शेत हवे. ज्याचा एकही पट्टा नाही, जो बाहेरून आला, त्याला या गावात कोण विचारीत होते?

मामा : तुझा प्रश्न रास्त आहे, पण थोडा धीर धर. आधी भूमिहीनाचे घे. गावच्या गायरानावर पुष्कळ ठिकाणी गरिबाची एखादी गाय, चार बदके चरत, सरपण मिळे, आणि कापणीनंतर बायका-मुले शेतात सरवा वेचीत, त्यावर हिवाळ्यातली काही दिवसांची भाकरी निघे. हे हक्क सनदेने मिळालेले नव्हते, वहिवाटीने मिळालेले होते, आणि वहिवाटीच्या हक्काचे दुर्दैव असे की तो ज्याच्या उपयोगी पडतो त्याच्यापाशी कागद नसतो. १७८८ साली लंडनच्या न्यायालयाने सरवा वेचण्याला कायद्याने हक्क म्हणता येणार नाही, असा निवाडा दिला. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने कुंपणबंदीचे, म्हणजे उघडी शेते आणि गायराने वाटून कुंपणात घालण्याचे, ५,२०० हून अधिक कायदे केले आणि त्यांखाली सुमारे ६८ लक्ष एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकंदर भूमीचा पाचव्या हिश्शाहून किंचित अधिक भाग आला. या कामी संमती मोजायची ती माणसांच्या संख्येने नव्हे, जमिनीच्या मूल्याने. छोट्या हक्कदाराला तुकडा मिळाला तरी त्याभोवती वई घालण्याचा खर्च त्याला झेपेना. तो तुकडा विकून मजूर झाला.

भाची : पण त्यामुळे धान्याचे उत्पन्न वाढले, असे आम्हाला शाळेत शिकवले होते.

मामा : वाढले, ते मी नाकारीत नाही. मी सांगतो आहे ते निराळे. शेजाऱ्याला विचारण्याची गरज त्या कुंपणाने संपवली. शेतावरची सभा संपली आणि उरली ती चर्चमधली, म्हणजे पॅरिशची सभा, जिला व्हेस्ट्री म्हणत; पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव. बाप्तिस्मा, विवाह, दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम पॅरिशला १५३८ पासून होता. १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची दुरुस्ती तिच्याकडे आली आणि १६०१ च्या कायद्याने तेथील निराधारांचे पोषण, त्यासाठी कर बसविण्याच्या अधिकारासह, तिच्यावर सोपविले गेले. या पॅरिशांच्या जमाखर्चाच्या वह्या म्हणजे इतिहासाचे खरे धन. विधवेला जोडे, पोरक्या मुलाला सदरा, म्हाताऱ्याला कोळसा आणि शेवटी त्याच्या प्रेताला कफन, असा एका माणसाचा संसार त्या वहीत दोन पानांत वाचायला मिळतो. आणि आपल्याकडे पाहा! माझ्या माहितीतल्या एका गावाचे पिढ्यानुपिढ्यांचे दप्तर रद्दीच्या भावाने गेले, आणि ते वाचवा म्हणून मी ज्यांना विनवले त्यांनी त्यात लढाई कोणती आहे असे मला विचारले. व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेविषयक सभासद म्हणून काम करून गेलेल्या हेन्री मेन याने १८७१ साली पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या ग्रामसंस्थांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. आपल्या देशाच्या जुन्या गावाची खूण तो आमच्या गावगाड्यात शोधीत होता, आणि आम्ही मात्र राज्याभिषेकांच्या सनावळ्या घोकीत बसलो. इतिहास शिकवायचा तर…

भाची : मामा, दप्तराचे पुन्हा केव्हातरी ऐकेन. ही पॅरिश बाहेरच्या माणसालाही जोडे देत होती काय?

मामा : नाही. तू त्या प्रश्नाची पाठ सोडत नाहीस, तर स्पष्टच सांगतो. १६६२ च्या कायद्यान्वये, आपल्यावर भार पडेल असा नवखा माणूस गावात आला तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडता येई. अनौरस मूल जेथे जन्मेल त्या पॅरिशवर त्याचा भार पडे, म्हणून गरोदर, अविवाहित, निराधार स्त्रीला दिवस भरण्यापूर्वी वेशीबाहेर काढण्याचे प्रकारही घडले. त्याच वह्यांत त्याचाही खर्च लिहिलेला सापडतो.

भाची : मग ज्या ऐक्याचे तुम्ही इतके कौतुक करता, ते दुसऱ्याला बाहेर ठेवूनच उभे होते. अशा ठिकाणी माझ्यासारखीने जाऊन काय करायचे?

मामा : थांब, त्यामागचे कारण समजून घे. गरिबाचे पोषण गावच्याच करातून व्हायचे, म्हणून प्रत्येक नवा गरीब म्हणजे प्रत्येक घरावर वाढणारा कर. करुणा आणि कठोरपणा, दोन्हींचा खर्च एकाच थैलीतून होई. मी त्याचे समर्थन करीत नाही. पण ज्या बंधनाने माणसे एकत्र आली त्याच बंधनाने ती आकसली, हे ओळखल्यावाचून त्या गावाला न्याय देता येत नाही. तू डर्बीशायरला जाते आहेस, तर ईम हे गाव पाहा. १६६५ च्या शरदात लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तेथे प्लेग शिरला, असे सांगतात. चर्चचा धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन आणि धर्ममतभेदामुळे पदच्युत झालेला त्याच्या आधीचा धर्मोपदेशक टॉमस स्टॅन्ली, हे परस्परविरोधी पक्षांतले दोघे एक झाले आणि १६६६ च्या जूनमध्ये गावाने वेशीबाहेर पाऊल टाकायचे नाही असे ठरवून घेतले. हद्दीवरच्या दगडात खळगे आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून पैसे टाकायचे आणि शेजारच्या गावकऱ्यांनी ठेवलेले धान्य उचलायचे, असा व्यवहार चाले. सुमारे २६० माणसे दगावली. त्यांत मॉम्पेसनची पत्नीही होती.

भाची : पण मॉम्पेसनने स्वतःची मुले आधीच बाहेर पाठविली होती ना? आणि गरिबाने जायचे म्हटले असते, तर तुम्ही सांगितलेल्या कायद्याने त्याला कोणत्या गावाने थारा दिला असता?

मामा : दोन्ही आक्षेप खरे आहेत. तरीही शेजारच्या गावांना वाचविण्यासाठी आपण मरणाच्या वेढ्यात राहावे, हे एका गावाने मनावर घेतले, आणि दोन वैऱ्यांनी त्यासाठी हात मिळवला, एवढे उरतेच. पुढची हकीकत लवकर आटोपतो. १८३४ च्या कायद्याने अनेक पॅरिशांचे संघ करून गरिबाला श्रमगृहात धाडण्याचा मार्ग काढला; त्याच वर्षी डॉर्सेटमधील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटनेची गुप्त शपथ घेतल्याबद्दल ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडले, आणि लोकक्षोभामुळे १८३६ मध्ये माफी द्यावी लागली. १८९४ मध्ये निवडलेल्या पॅरिश कौन्सिली आल्या, त्यांत स्त्रियांनाही मत देण्याचा आणि निवडून येण्याचा अधिकार होता. १९१५ पासून गावोगाव स्त्रियांच्या संस्था निघाल्या, महायुद्धानंतर सभागृहे उठली. शेवटी १९४८ च्या कायद्याने जुना गरिबांचा कायदाच गेला. पोषण आणि औषधपाणी राष्ट्राने आपल्या शिरावर घेतले.

भाची : म्हणजे गावाने नवख्याला भिण्याचे कारणही गेले!

मामा : आता बरोबर बोललीस. पण त्याबरोबर गावाला एकत्र बसविणारे कामही गेले. ट्रॅक्टरने मजूर कमी केले, १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर खेड्यापाड्यांचे लोहमार्ग बंद पडले, शाळा, टपाल कचेरी, दुकान आणि पब ही एकामागून एक मिटू लागली. देखणी घरे शहरातल्या पैसेवाल्यांनी सुटीसाठी घेतली आणि तेथे वाढलेल्या तरुणांना त्याच गावात भाड्याची खोली परवडेनाशी झाली. शोभा सारी शाबूत आहे, पण पुष्कळ ठिकाणी हिवाळ्यात दिवे लागत नाहीत.

भाची : मग गावपण संपलेच म्हणायचे?

मामा : जेथे लोकांनी नवे काम हाती घेतले तेथे संपले नाही. बंद पडणारे दुकान भाग काढून गावकऱ्यांनीच घ्यावे, भाग कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच, आणि गल्ल्यावर पाळीपाळीने बसावे, अशी तीनशेहून अधिक दुकाने ब्रिटनमध्ये चालतात. २०११ च्या कायद्याने पबासारखी वास्तू सार्वजनिक मोलाची म्हणून नोंदवता येते, आणि ती विक्रीस निघाली तर पैसे उभे करण्यासाठी गावाला सहा महिन्यांची सवड मागता येते. या कामांत पुढे असणारांत बाहेरून येऊन राहिलेले लोक थोडे नाहीत.

भाची : तरी त्यांना गाव आपले म्हणते काय?

मामा : सगळीकडे सारखेच म्हणेल असे मी कसे सांगू? काही ठिकाणी दोन पिढ्या राहूनही माणूस नवाच राहतो. पण माझा निर्णय असा आहे की जुने गाव सक्तीने जुळलेले होते म्हणून त्याने दारे लावली, आणि आजच्या गावाला जुळायचे तर स्वेच्छेने पत्करलेल्या जबाबदारीनेच जुळता येईल, म्हणून त्याला दारे उघडी ठेवावीच लागतील. वर्षातून पंधरा दिवस येणारा, तेथल्याच रक्ताचा मालक आणि बारा महिने राहून दुकानात पाळी करणारी परकी बाई, यांत गावकरी कोण हे ठरविताना मला क्षणभरही विचार करावा लागणार नाही. पॅरिश कौन्सिलची सभा सर्वांना खुली असते, हे तेथील कायद्यानेच ठरविलेले आहे. बिऱ्हाड लागल्यावर पहिल्याच महिन्यात त्या सभेला जा, आणि जे काम घ्यायला कोणी पुढे येत नसेल ते आपल्याकडे माग.