पाच बाटल्यांत सगळे रंग

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीत आमच्या गटानं पणत्या रंगवून विकल्या. दुकानात आवडले म्हणून बारा रंग आणले. त्यातले निम्मे वाळून गेले आणि तेवढे पैसे नफ्यातून गेले. खरं तर लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा एवढ्यावर भागतं. कसं ते बघू.

रंगचक्र : जेवणाचं ताट कागदावर पालथं ठेवा, भोवती रेघ मारा. गोलाचे सहा भाग करा. एक सोडून एक भागात लाल, पिवळा, निळा भरा. हे मूळ रंग. उरलेल्या भागांत शेजारच्या दोन रंगांचं मिश्रण भरा. लाल-पिवळ्याचा नारिंगी, पिवळ्या-निळ्याचा हिरवा, निळ्या-लालचा जांभळा.

समोरासमोरचे रंग : चक्रात लालसमोर हिरवा येतो, निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा. हे शेजारी ठेवले की एकमेकांना उठाव देतात. हिरव्या लुगड्याचा लाल काठ आठवा! पण तेच दोन एकमेकांत कालवले तर मातकट होतात. म्हणून ब्रश धुतल्याशिवाय दुसऱ्या रंगात बुडवू नका.

फिकट आणि गडद : भिंतीच्या चुन्यात आपण नीळ टाकतो. थोडी टाकली तर फिकट, जास्त टाकली तर गडद. रंगाचंही तसंच. फिकट छटा हवी तर पांढऱ्यात थेंब-थेंब रंग घाला. उलटं केलं तर पांढरा बाटलीभर जातो. गडद हवी तर रंगात काळा अगदी सुईच्या टोकाएवढा घाला. पिवळ्यात मात्र काळा नको, तो हिरवट पडतो.

सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर (१८८२-१९६८) यांचं 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा घेतलेली बाई, ज्योतीपुढं आडवा धरलेला हात. त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. त्यात कुठलाही चमकीचा रंग नाही. भोवतीचं सगळं गडद ठेवलं, म्हणून दिवा खरंच पेटल्यासारखा वाटतो. पणतीलाही हेच करा : अंग गडद, काठावर फिकट ठिपके. चमकीवर खर्च कमी होईल.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा :
१. भाजलेल्या मातीवर रंग मळकट दिसतो. आधी पांढऱ्याचा एक हात द्या.
२. एका ऑर्डरपुरती छटा एकदाच कालवून झाकणाच्या डबीत ठेवा. दुसऱ्यांदा तंतोतंत तशी जुळत नाही.
३. आधी फुटक्या पणतीवर लावून, वाळल्यावर बघा. ओला रंग फसवतो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपलं रंगचक्र आणावं. ते भिंतीवर लावू आणि त्याकडं बघूनच यंदाच्या रंगांची यादी करू.