गोल्ड कप चालवणाऱ्यांसाठी

ओहायोत स्थायिक झाल्यावर मी इथल्या क्लबात 'बुल्सआय' नेमबाजी करू लागलो, ती कोल्टच्या गोल्ड कप नॅशनल मॅच पिस्तुलावर. जॉन ब्राउनिंगचं .45 पिस्तूल अमेरिकी सैन्यानं 1911 साली स्वीकारलं. त्याचं खेळासाठी घडवलेलं हे रूप 1957 पासूनचं. नव्या नेमबाजांना मी पुढच्या गोष्टी आवर्जून सांगतो.

1. लष्करी पिस्तुलाला नावं ठेवू नका. त्याचे भाग मुद्दाम थोडे सैल ठेवलेले असतात. चिखल-वाळू शिरली तरी ते चाललं पाहिजे आणि एकाचा सुटा भाग दुसऱ्यात बसला पाहिजे. सैनिकाचा जीव त्यावर असतो.

2. आधी बुशिंग तपासा. प्रत्येक गोळीबरोबर स्लाइड मागे जाते, बॅरल खाली झुकून सुटतं आणि पुन्हा वर येऊन स्लाइडमध्ये अडकतं. साइट स्लाइडवर असल्यामुळे बॅरल दर वेळी तिच्यात नेमकं त्याच जागी बसायला हवं. तोंडाशी ते धरून ठेवतं बुशिंग. स्लाइड फ्रेमवर किंचित हलते म्हणून लोक हवालदिल होतात, पण अचूकपणा जास्त करून पुढच्या या कड्यात आणि मागे बॅरल अडकतं तिथे असतो.

3. काडतुसाप्रमाणे स्लाइडची स्प्रिंग बदला. सैन्याची गोळी 230 ग्रेनची. कागदी लक्ष्यासाठी बरेच जण 185 ग्रेनची गोळी आणि कमी दारू वापरतात. जड स्प्रिंग तशीच राहिली तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी अडकते.

4. ट्रिगर हवा तितका हलका करू नका. .45 साठी नियमानं किमान साडेतीन पौंडांचा दाब लागतो. जुन्या गोल्ड कपमध्ये हॅमर अडवून धरणाऱ्या सिअरजवळ एक इवलासा तुकडा आणि त्याची बारीक स्प्रिंग असते. स्लाइड आदळून बंद होताना रुंद ट्रिगरचा धक्का सिअरला बसून हॅमर सुटू नये, म्हणून ती योजना आहे. सफाई करताना कटकट वाटली तरी ती काढून टाकू नका.

5. जलद फेरीत माशी, म्हणजे पुढची साइट, स्थिर होण्याची वाट पाहू नका. 25 यार्डांवर दहा सेकंदांत पाच गोळ्या, त्याही एका हातानं. कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतचा 25 मीटर स्पोर्ट पिस्तूल प्रकारही एकाच हाताचा, पण तो .22 चा. .45 चा धक्का मनगट उचलतो. साइट खाली येत असतानाच ट्रिगरवरचा दाब सुरू झाला पाहिजे. माशी थोडी डुलणारच. तिला डुलू द्या. ती थांबेल म्हणून खोळंबलात की शेवटच्या दोन गोळ्या घाईत हिसकल्या जातात. मला तरी या खेळातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो.

6. ईरी सरोवराकाठच्या कॅम्प पेरीला 1907 पासून राष्ट्रीय सामने भरतात. तिथे वारा हात ढकलतो. 50 यार्डांवरच्या संथ फेरीत दहा गोळ्यांना दहा मिनिटं मिळतात. झोत आला की पिस्तूल बाकावर टेकवा आणि तो ओसरल्यावरच उचला.