जपान: पास काढायचा की सुटं तिकीट?

जपानला जाणारा परदेशी पाहुणा बहुधा एकाच पट्ट्यात फिरतो: टोकियो, हाकोने, क्योटो, ओसाका. पर्यटनवाल्यांचा हा ‘गोल्डन रूट’. ही गावं जोडणारी बुलेट ट्रेन खिशाला जड जाते, आणि आपली मंडळी डोळे मिटून देशभर चालणारा रेल्वे पास (जेआर पास) काढतात, कारण आधी जाऊन आलेल्या कुणीतरी तसं सांगितलेलं असतं.

तो हिशेब आता चुकतो. सात दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनांवरून थेट 50,000 वर गेला. (100 येन म्हणजे ढोबळमानाने 60 रुपये धरा.) टोकियो-क्योटोचं सुटं तिकीट साधारण 14,000 येन, जाऊन-येऊन 28,000. पार हिरोशिमा गाठून टोकियोला परतलात तरी 45,000 च्या घरात. वर सर्वांत वेगवान ‘नोझोमी’साठी पासवाल्याला वेगळे पैसे मोजावे लागतात ते निराळेच.

मुळात टोकियोला परत यायचंच कशाला? विमानाचं तिकीट काढतानाच जाताना टोकियो, येताना ओसाकाचं कान्साई असं ‘मल्टी-सिटी’ मागा. थोडं महाग पडलं तरी माणशी आठेक हजार रुपयांचं रेल्वेभाडं वाचतं आणि अर्धा दिवस हाती राहतो.

गर्दीचा कंटाळा असेल तर टोकियोहून ओसाकाला कानाझावावरून जा. कानाझावाला जाणारी होकुरिकू बुलेट ट्रेन मार्च 2024 मध्ये त्सुरुगापर्यंत वाढली. तिथे गाडी बदलून क्योटो-ओसाका. या वाटेसाठी 30,000 येनांचा सात दिवसांचा होकुरिकू आर्च पास आहे. सुट्या तिकिटांनी टोकियो-कानाझावा-ओसाका 24,000 च्या आसपास होतं. म्हणजे दोन्ही विमानतळांच्या गाड्या पासावर वापरल्या आणि वाटेत तोयामासारखं एखादं गाव केलं, तरच तो परवडतो. दर बदलतात, निघण्याआधी पुन्हा पाहा.

क्योटोत मुक्काम करणार असाल तर 1 मार्च 2026 पासून वाढलेला निवासकर धरा: मध्यम हॉटेलात माणशी रात्रीला 400 येन, महागड्यात 1,000 आणि अगदी आलिशान ठिकाणी 10,000 पर्यंत. नाहीतर ओसाकात राहा; तिथून क्योटो जलद लोकलने अर्ध्या तासावर, 600 येनांच्या आत.

आता बॅगा. भाकरवडी-मेतकुटाने फुगलेल्या बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर गेली, तर टोकियो-क्योटो-ओसाका धावणाऱ्या तोकाइदो बुलेट ट्रेनमध्ये सामानाची जागा असलेली सीट आधी राखावी लागते. तिला जादा पैसे नाहीत. न राखता चढलात तर 1,000 येन. त्यापेक्षा हॉटेलच्या काउंटरवरून ‘ताक्क्यूबिन’ कुरिअरने बॅग पुढच्या हॉटेलात पाठवा. आकारानुसार दोन-तीन हजार येन पडतात आणि बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते, म्हणून एका रात्रीचे कपडे जवळ ठेवा.