आधी आपलं सांग

खडकी, पुणे

चि. सायली,


तुझी प्रश्नावली वाचली. पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये फील्डवर्क मिळालं म्हणून आनंद झाला, पण प्रश्न वाचताना पंचनामा वाचतेय असं वाटलं. इजा कशी झाली, तेव्हा मनात काय आलं, घरचे कसे वागले. अगं, ओळख ना पाळख, मनातलं कुणी तुला का सांगावं?

१९७४ पासून चाललेल्या त्या संस्थेत मज्जारज्जूला इजा झालेले जवान राहतात, देशभरातून आलेले. पाहुण्यांना वाटतं, सगळे लढाईतच जखमी झाले. तसं नाही. कुणी रजेवर असताना रस्त्यावरच्या अपघातात सापडलेला असतो, कुणी उंचावरून पडलेला. तू सीमेवरची गोष्ट ऐकायच्या तयारीने गेलीस, तर असा माणूस दोन वाक्यांत आटोपतं घेईल.

मुरलीकांत पेटकरांचंच बघ. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपट पाहून मीही भारावले. पण प्रत्येक व्हीलचेअरवर पेटकरच शोधायचे म्हटलं तर बाकीच्यांनी काय करायचं? ज्याच्या दिवसातली मोठी लढाई म्हणजे पलंगावरून खुर्चीत येणं, त्याचंही कुणीतरी ऐकायला हवं.

ऐकायचं कसं, ते मी अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत नोकरी करताना शिकले. कारखाना १८६९ सालचा, आणि आतल्या कामाबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही हा दंडक. त्यामुळे भोंगा झाल्यावर आम्हा बायकांना बोलायला घरचेच विषय उरायचे. कुणी तमिळ, कुणी तेलुगू, कुणी मराठवाड्यातली; हिंदी सगळ्यांचीच मोडकी. एकीने सासूचं गाऱ्हाणं काढलं की दुसरी “माझी तर त्याहून” म्हणत सरसावायची. कोण किती शिकलेली, कुणाची जात कोणती, हे त्या वेळेपुरतं तरी मागे पडायचं. कायमचं पडलं असं मी म्हणणार नाही. हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं नाही हे ठरवणाऱ्याही आमच्यातच होत्या. पण एखादीचं मूल आजारी पडलं की तिचं काम कोण उचलणार, हे विचारावं लागत नसे.

बायकांच्या अशाच मनातल्या बोलण्यावरचं हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांचं काम तुमच्या अभ्यासक्रमात आहे का? नसेल तर स्वतः शोधून वाच. पुण्यातून काम करत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मला त्यातलं जातं महत्त्वाचं वाटतं. समोरासमोर बसलेल्या दोघींचा हात एकाच खुंट्यावर. एकीने ओवी धरली की दुसरी सूर मिळवते, मग आपली जोडते. जे दुःख एरवी तोंडावर सांगता आलं नसतं, ते दळता दळता बाहेर पडतं. तिथे मुलाखत घेणारी कुणी नसते.

म्हणून पहिल्या दिवशी वही बाहेर काढू नकोस. कॅरम चालला असेल तर बस खेळायला. तुझं सांग आधी: बारावीला मार्क कमी पडले तेव्हा दादाने अबोला धरला होता ते, वसतिगृहातलं जेवण, काहीही. मात्र त्यांच्या दुःखाला जोड म्हणून आपलं दुःख पुढे करू नकोस. सायकलवरून पडल्याची गोष्ट तिथे शोभणार नाही. कुणी विषय बदलला तर बदलू दे. त्याच्या गावी पाऊस कसा पडतो हे तो तासभर सांगेल. तेही ऐक, लिहायला काही मिळालं नाही म्हणून चुळबुळ करू नकोस. “तुमचं दुःख मला समजतं” हे वाक्य तर तोंडातून काढूच नकोस.

आणि लिहिशील ते आधी ज्याचं त्याला वाचून दाखव. तो म्हणाला “हे काढा”, तर काढायचं; अहवाल रोडावला तरी चालेल. तुमच्या मॅडम कुरकुरल्या तर हे पत्र त्यांना खुशाल दाखव.

रविवारी जेवायला ये, थालीपीठ करते.

तुझी,
आत्या