बिनतारी कारखाना : उपकरणजोडणीचे तंत्र आणि अर्थकारण

बंगळुरू शहर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तामिळनाडूच्या सीमेला लागून आनेकल तालुका आहे. बोम्मसंद्र, जिगणी आणि अत्तीबेले या औद्योगिक वसाहती याच तालुक्यात येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरू मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्रपर्यंत सुरू झाली. या पट्ट्यात औषधनिर्मितीचे मोठे प्रकल्प आहेत, तसेच मोजक्या कामगारांवर चालणारे यंत्रभागांचे छोटे कारखानेही आहेत. यंत्र किती वेळ चालले, किती वेळ बंद राहिले, भट्टीचे तापमान किती होते, ही माहिती मोठ्या प्रकल्पात संगणकावर आपोआप उमटते. छोट्या कारखान्यात ती बहुधा वहीत लिहिली जाते. ही दरी कमी खर्चात भरून काढण्याचे एक साधन म्हणजे औद्योगिक बिनतारी उपकरण. त्याची जोडणी कशी करतात आणि तिच्यामागील अर्थशास्त्रीय प्रश्न कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तार की बिनतारी?

कारखान्यात केबल टाकायची म्हणजे चर खणणे, नळ्या बसवणे आणि काही काळ उत्पादन थांबवणे आले. हा खर्च एकदा केला की परत मिळत नाही. अर्थशास्त्रात त्यास बुडीत खर्च म्हणतात. जागा भाड्याची असेल, तर उद्योजक तो करण्यास कचरतो. बिनतारी उपकरण मात्र काढून दुसरीकडे नेता येते. घरगुती राउटरच्या तुलनेत औद्योगिक उपकरण उष्णता, धूळ आणि कंपन सहन करते व सामान्यतः २४ व्होल्ट एकदिश विजेवर चालते.

परवानामुक्त लहरी

ही उपकरणे प्रामुख्याने २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात काम करतात. केंद्र सरकारने जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधील पट्टेही खुले झाले. परवानामुक्त याचा अर्थ नियममुक्त असा नव्हे. उपकरणास दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची प्रकार-मान्यता लागते. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात प्रक्षेपकाची शक्ती कमाल १ वॅट आणि अँटेनासह प्रभावी शक्ती कमाल ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम, इतकी असते.

एक उदाहरण पाहू. अँटेनाची वृद्धी ६ डेसिबल असेल, तर १ वॅट (३० डीबीएम) अधिक ६ मिळून मर्यादा गाठली जाते. १२ डेसिबलचा अँटेना लावल्यास प्रक्षेपकाची शक्ती २४ डीबीएम, म्हणजे सुमारे पाव वॅट, इतकी उतरवावी लागते. मोठा अँटेना लावून शक्ती तशीच ठेवणे हा नियमभंग ठरतो आणि शेजारच्या कारखान्याच्या संदेशवहनात अडथळाही येतो. सर्वांना खुल्या असलेल्या गायरानात एकानेच जास्त गुरे सोडावीत, तसा हा सामाईक संसाधनाचा प्रश्न आहे.

जोडणीचे टप्पे

१. प्रथम अँटेना बसवावा, मगच वीज द्यावी. अँटेनाविना चालू केल्यास प्रक्षेपकास इजा होण्याचा संभव असतो.

२. पहिली जोडणी केबलनेच करावी. उपकरणाचा मूळ पत्ता माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. समजा तो १९२.१६८.१.१ आहे, तर संगणकास १९२.१६८.१.१० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क द्यावा. पत्त्याचे पहिले तीन भाग समान असल्याने दोन्ही एकाच जाळ्यात येतात. अशा जाळ्यात २५४ उपकरणांना पत्ते देता येतात. मात्र एकच पत्ता दोघांना देऊ नये.

३. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकून उपकरणात प्रवेश करावा आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड लगेच बदलावा.

४. देश म्हणून भारत निवडावा, म्हणजे वारंवारिता व शक्ती यांच्या मर्यादा त्यानुसार ठरतात.

५. उपकरणाची भूमिका निश्चित करावी. जाळे उभारणारे उपकरण प्रवेशबिंदू होय. यंत्राशेजारी बसून त्यास जोडले जाणारे उपकरण ग्राहक होय.

६. जाळ्याचे नाव ठेवून डब्ल्यूपीए२ किंवा २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ सुरक्षा निवडावी. जुनी डब्ल्यूईपी पद्धत २००१ मध्येच भेदली गेली असल्याने ती वापरू नये.

७. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ व ११ या परस्परांवर न येणाऱ्या वाहिन्यांपैकी कमी गर्दीची निवडावी.

८. यंत्रे चालू असताना संकेताची तीव्रता मोजावी. उणे ६० पेक्षा उणे ७० डीबीएम संकेत दहापट क्षीण असतो. पत्र्याचे छत व लोखंडी सांगाडे लहरी परावर्तित करतात. म्हणून रिकाम्या शेडमधील मोजणीवर विसंबू नये.

९. शेवटी संरचनेची प्रत जतन करावी. नवा पासवर्ड व ही प्रत मालकाच्या ताब्यात असावी.

पासवर्ड : खाजगी निष्काळजीपणा, सार्वजनिक किंमत

वरीलपैकी तिसरा टप्पा सर्वांत सोपा, आणि तोच सर्वाधिक वेळा राहून जातो. २०१६ मध्ये मिराई या दुष्ट प्रणालीने कॅमेरे व राउटर यांचे मूळ पासवर्ड वापरून लाखो उपकरणे ताब्यात घेतली आणि त्यांच्याद्वारे अनेक मोठी संकेतस्थळे ठप्प केली. कारखान्यात धोका अधिक गंभीर असतो. यंत्रांच्या संवादासाठी आजही सर्रास वापरली जाणारी मॉडबस ही भाषा १९७९ ची आहे. तिच्या मूळ रचनेत आज्ञा देणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नाही. जाळ्यात शिरलेल्या व्यक्तीने भट्टीचे तापमान वाढवण्याची आज्ञा दिली, तर यंत्र ती पाळते. तेथे केवळ माहिती नव्हे, भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगाराचा जीव पणास लागतो.

मग हा टप्पा का राहतो? जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञास यंत्र सुरू झाल्याचे पैसे मिळतात, ते सुरक्षित असल्याचे नव्हे. मालकास फरक तपासता येत नाही. ही माहितीची विषमता होय. शिवाय हानीचा मोठा भाग तिसऱ्यावर पडतो. ही नकारात्मक बाह्यता होय. अशा वेळी बाजार आपोआप योग्य उत्तर देत नाही, नियमनाची गरज भासते. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून ग्राहकोपयोगी जोडणीक्षम उपकरणांत सर्वांना समान असा मूळ पासवर्ड ठेवण्यास बंदी घातली. भारतात सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांद्वारे सायबर घटनांची माहिती सहा तासांत देणे बंधनकारक केले.

समारोप

अवजड उद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग भारत ४.०’ उपक्रमांतर्गत बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि पुण्याची सी४आय४ प्रयोगशाळा येथे अशा तंत्रज्ञानाची केंद्रे उभी राहिली आहेत. तेथील ज्ञान जिगणी वा भोसरीच्या छोट्या शेडपर्यंत पोहोचवण्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून तंत्रज्ञ घडवणे आवश्यक आहे. उपकरण अनुदानाने घेता येईल. पासवर्ड बदलण्याची सवय मात्र प्रशिक्षणानेच लागेल. तंत्रज्ञानाचा प्रसार आणि त्याचा जबाबदार वापर या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासकाने उत्तर लिहिताना आवर्जून ध्यानात ठेवावे.