पालेभाजी आणि राजम्याचे सूप



इथे रिचमंड हिलमध्ये थंडी पडली की आपल्या वयाच्या माणसांना ताटभर जेवण नकोसे होते, पण वाटीभर गरम सूप पोटात जाते. पालेभाजी आणि कडधान्याचे सूप यासाठी उत्तम. प्रथिने मिळतात आणि पोटही साफ राहते. त्यात मांस, दूध, तूप, अंडे काही नाही. नातवंडे त्याला 'व्हीगन' म्हणतात, आपण पार्वे म्हणू. आपल्याला हे नवे नाही. तिशा बेआवला आपले पूर्वज कोकणात 'बिरड्याचा सण' म्हणत.

पण वाल आणि राजमा यांत फरक आहे. लाल राजम्यात लेक्टिन नावाचा एक विषारी पदार्थ असतो. चार-पाच कच्चे दाणे खाल्ले तरी एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, जुलाब सुरू होतात. म्हातारपणी अंगातले पाणी असे गेले की चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही. जोरदार उकळीने हे विष जाते. मंद आचेने जात नाही, उलट अर्धवट तापलेला राजमा कच्च्याहूनही अधिक बाधतो. शुक्रवारी दुपारी भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकून शब्बाथसाठी ठेवायची पद्धत म्हणूनच धोक्याची आहे. पांढऱ्या बीन्समध्ये हे विष कमी असते, तरी नियम तोच पाळावा.

एक कप राजमा रात्रभर भिजवा. ते पाणी फेकून द्या. नव्या पाण्यात खळखळून उकळा. दहा मिनिटे तरी हवीतच, मी अर्धा तास ठेवते. मग मऊ होईपर्यंत शिजवा. डब्यातले बीन्स शिजलेलेच असतात. ते चाळणीत धुऊन घ्या म्हणजे बरेचसे मीठ निघून जाते. रक्तदाब असणाऱ्यांनी हे विसरू नये.

चमचाभर तेलात जिरे, लसूण, कांदा परता. हळद, मिरपूड, राजमा आणि चार कप पाणी घाला. एक डावभर राजमा घोटून घातला की सूप दाट होते, क्रीम लागत नाही. पालक किंवा केल मिठाच्या पाण्यात बुडवून, पानांत किडे नाहीत ना हे पाहून बारीक चिरा. केलचे जाड देठ काढा. दिवे लावण्याआधी भाजी घालून पाच मिनिटे उकळा. मग सूप गरम राहण्यापुरते स्लो कुकरमध्ये ठेवायला हरकत नाही. भाजीचा हिरवा रंग जाईल, जाऊ द्या. लिंबाचा रस आधीच काढून ठेवा आणि वाढताना घाला. त्याने लोह अंगी लागते. कवळी असेल तर सूप मिक्सरमधून काढा.

रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र नीट वाचावे. हिरव्या पानांतले व्हिटॅमिन के या गोळीच्या उलट काम करते. म्हणून भाजी बंद करायची नाही, दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची. एका आठवड्यात रोज सूप आणि पुढच्यात अजिबात नाही, असे केले की आयएनआर वरखाली होतो. सूप नेमाने सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. एपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांना ही अडचण नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे किती खावे हे विचारूनच घ्या.

उरलेले सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.